मेंदूवरचा डाग : आजाराचा की मृत्यूनंतरचा?

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात सांडोर, गास, भुईगाव, निर्मळ अशी बागायती गावे आहेत. वाढत्या शहराने तिथल्या बऱ्याच बागा गिळल्या, तरी केळीची जोपासना करणारे बागायतदार या पट्ट्यात अजून भेटतात. अशा एखाद्या जाणत्या बागायतदारापुढे केळीची दोन पाने ठेवून पाहा. दोन्ही पानांवर तपकिरी भाग आहेत. एक पान झाडावर असतानाच करप्याने धरलेले आहे. दुसरे निरोगी होते, पण तोडून आठवडाभर अंगणात पडून राहिले आहे. बागायतदार पाहताक्षणी फरक सांगेल. करप्याच्या ठिपक्याभोवती पिवळे वलय असते. पडून राहिलेले पान कडेपासून सरसकट वाळत जाते, त्यावर वलयांकित ठिपके नसतात. वलय पडण्यासाठी ठिपक्याभोवतालचा भाग जिवंत असावा लागतो.

नेमका हाच प्रश्न मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना गेली सव्वाशे वर्षे पडत आला आहे. मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली येतो तो बहुधा माणूस गेल्यानंतर, काही तासांनी, कधी एखाद्या दिवसाने. त्यात दिसणारी सूज, पोकळी किंवा काळवंडलेली पेशी माणूस जिवंत असताना झालेल्या आजाराची आहे, की मृत्यूनंतर ऊतींत आपोआप घडलेल्या बदलाची? उत्तर चुकले तर दोन प्रकारचा अनर्थ होतो. नसलेला रोग ग्रंथांत शिरतो, किंवा असलेला रोग ‘शव उशिरा तपासले’ या सबबीखाली नजरेआड होतो. हा फरक ओळखायला विज्ञान कसे शिकले, त्याचा इतिहास आम्ही या लेखात थोडक्यात मांडत आहोत.

गोव्यातील एक जुनी नोंद

रोगाचे कारण शोधण्यासाठी भारतात शव उघडल्याची एक फार जुनी नोंद गोव्यातील आहे. 1543 साली तिथे पटकीसारख्या रोगाची भयंकर साथ आली. त्या वेळी गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सोझा याने एका मृताचे पोट उघडून पाहण्याचा हुकूम दिला. वसईही तेव्हा पोर्तुगीजांच्याच अमलाखाली होती. 1534 सालच्या तहाने ती त्यांच्याकडे गेली होती. गास्पार कोरैया या बखरकाराने लिहून ठेवले आहे की पोटात विशेष काही सापडले नाही. जठर मात्र कोंबडीच्या पेटीसारखे आक्रसलेले आणि आगीत होरपळलेल्या कातड्यासारखे सुरकुतलेले होते.

निरीक्षण बारकाईचे आहे. पण त्यावरून निष्कर्ष काय काढायचा? सुरकुत्या रोगाने पडल्या, शरीरातले पाणी गेल्याने पडल्या, की मृत्यूनंतर? हे ठरवायचे तर दुसऱ्या कारणाने मेलेल्या माणसाचे जठर तितक्याच वेळाने उघडून शेजारी ठेवायला हवे होते. तुलनेवाचून निरीक्षण मुके राहते, हा या इतिहासातला पहिला धडा आहे.

हंटरने पाहिलेले जठर

इटलीतील पादुआ येथील जोव्हानी बात्तिस्ता मोर्गान्यी याने 1761 साली, वयाच्या 79 व्या वर्षी, सुमारे 700 शवविच्छेदनांवर आधारलेला आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला. रोगाला शरीरात एक जागा असते आणि ती शव उघडून दाखवता येते, हा विचार त्याने रुजवला. मात्र शवात दिसणारा प्रत्येक बदल हा रोगच मानला जाण्याचा धोकाही त्याबरोबर वाढला.

या धोक्याचे ठसठशीत उदाहरण लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याने 1772 साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. काही शवांमध्ये जठराला मोठे भोक पडलेले आढळे. सहज वाटावे की हा जठराचा भयंकर रोग असून त्यानेच माणूस दगावला. हंटरच्या पाहण्यात मात्र अशीही माणसे आली होती की जी अगदी धडधाकट असताना आघाताने तत्काळ मेली. त्यांतल्या एकाच्या डोक्यावर लोखंडी सळईचा घाव बसला होता, आणि त्याआधी थोडाच वेळ तो पोटभर जेवला होता. त्याचेही जठर विरघळलेले होते. तेव्हा हंटरने निष्कर्ष काढला की जिवंत जठर आपल्या पाचकरसापासून स्वतःचे रक्षण करते. जीव गेल्यावर ते रक्षण संपते आणि तोच रस जठराला पचवतो.

हंटरची युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. त्याने रोग्याच्या जठराची तुलना अचानक मेलेल्या निरोगी माणसाच्या जठराशी केली. जो बदल निरोगी माणसातही दिसतो, तो त्या रोगाची खूण असू शकत नाही.

मेंदू इतका नाजूक का?

हंटरने जठरात पाहिले तेच थोड्याफार फरकाने प्रत्येक अवयवात घडते. पेशींच्या आत पाचक विकरांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. क्रिस्तियाँ द दूव्ह या बेल्जियन शास्त्रज्ञाने 1955 साली त्यांना लायसोसोम असे नाव दिले. या क्षेत्रातील कामासाठी त्याला 1974 चे नोबेल पारितोषिकही मिळाले. रक्तपुरवठा थांबला की पेशीतील आम्लता वाढते, या पिशव्यांची आवरणे ढिली पडतात आणि पेशी स्वतःच्याच विकरांनी पचू लागते. या क्रियेला स्वविलयन म्हणतात. जंतूंमुळे होणारे कुजणे ही वेगळी क्रिया आहे, आणि ती सहसा नंतर सुरू होते.

मेंदूत हे सारे लवकर आणि ठळकपणे दिसते. शरीराच्या वजनाच्या केवळ 2 टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळीही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के वापरतो. पुरवठा तुटला की त्याला सर्वांत आधी झळ पोहोचते. त्यात पाण्याचे प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक आहे, आणि स्नायू किंवा त्वचा यांना घट्टपणा देणारे तंतू त्याच्या आत फारसे नसतात. कवटी उघडून मेंदू बाहेर काढताना तो ताणला, दाबला किंवा फाटला जाण्याचा संभवही असतो.

1893 साली फ्रांकफुर्टच्या फेर्डिनांड ब्लूम याने फॉर्मालिनचा शोधकांना फार मोठा उपयोग करून दिला. जंतुनाशक म्हणून त्याची चाचणी घेत असता आपल्या बोटांची कातडी टणक झाल्याचे त्याच्या लक्षात आले. जे कातडीला होते ते ऊतींनाही होईल, असा तर्क त्याने केला. फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकते, त्यामुळे विकरांचे काम थांबते. मात्र ते आत झिरपते अतिशय हळू. अख्खा मेंदू नीट घट्ट व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. पृष्ठभाग लवकर ‘स्थिर’ होतो. गाभा तेवढा वेळ स्वतःला पचवत राहतो.

अशा वेळी शरीरात वायू निर्माण करणारे जंतू असतील तर मेंदूच्या आत बुडबुडे होतात आणि कापल्यावर तो भोकाभोकांच्या स्विस चीजसारखा दिसतो. या जंतूंपैकी प्रमुख जंतू बाल्टिमोरच्या वेल्श आणि नटॉल यांनी 1892 साली एका शवाच्या वायूने भरलेल्या रक्तवाहिन्यांतून ओळखला होता. भोके पाहून घाबरायला होते, पण त्यांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी शांत असतात. तिथे ना रक्तातल्या पांढऱ्या पेशी जमलेल्या दिसतात, ना व्रण भरण्याची खटपट. ही भोके आजाराची नव्हेत.

निस्लची अट

चेतापेशी स्पष्ट दिसाव्यात म्हणून फ्रान्झ निस्ल याने म्युनिकमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच, 1880 च्या दशकात, रंगवण्याची एक नवी पद्धत काढली. पुढे फ्रांकफुर्टला तो आणि आलोइस आल्झायमर यांनी एकत्र काम केले. निस्लला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. काचपट्टीवर दिसते ती जिवंत पेशी नव्हे. ती मेलेली, मद्यार्कात आक्रसलेली, रंगवलेली पेशी आहे. मग तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा?

त्याने दिलेले उत्तर फार मोलाचे आहे. प्राण्याला एकाच रीतीने मारा, मेंदू एकाच वेळात काढा, एकाच द्रवात ठेवा, एकाच पद्धतीने रंगवा. मग एका प्रकारच्या निरोगी पेशीचे चित्र दर वेळी सारखेच येईल. या चित्राला त्याने ‘समतुल्य चित्र’ म्हटले. ते जिवंत पेशीचे हुबेहूब छायाचित्र नसेल, पण तिच्याशी त्याचे नाते ठरलेले आहे. सर्व पायऱ्या तशाच ठेवूनही चित्र बदलले, तरच तो बदल आजाराचा मानता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण ज्याला ‘नियंत्रण’ म्हणतो, ते याहून वेगळे नाही.

जन्मलेले आणि मावळलेले ‘रोग’

निस्लची अट सोपी वाटते, पण ती पाळली गेली नाही तेव्हा काय झाले पाहा. 1920 च्या दशकात व्हितो मारिया बुस्काइनो या इटालियन तज्ज्ञाने छिन्नमनस्कता झालेल्या रुग्णांच्या मेंदूत द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके पाहिले. या गूढ आजाराची शारीरिक खूण सापडली असे वाटू लागले. पुढे इतरांनी निरोगी मेंदू तपासले तेव्हा तसेच पुंजके तिथेही दिसले. ऊती कोणत्या द्रवात ठेवल्या यावर त्यांचे दिसणे अवलंबून होते. पुंजके आजाराचे नसून बरणीतले होते.

दुसरे उदाहरण काळ्या चेतापेशींचे. आक्रसलेल्या, गडद रंग घेणाऱ्या, मळसूत्रासारखी शेपूट असलेल्या या पेशी अनेक आजारांच्या वर्णनांत येत. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या यान कामरमायर यांनी 1960 च्या सुमारास दाखवून दिले की ताजा मेंदू हाताळला, दाबला गेला की अशा पेशी तयार होतात. द्रव रक्तवाहिन्यांतून आत सोडून, मेंदूला काही तास हात न लावता मग तो बाहेर काढला, तर त्या दिसत नाहीत.

तिसरे उदाहरण लहान मेंदूचे. त्यातील बारीक पेशींचा दाट थर कधीकधी फिकट, विरळ झालेला दिसतो. न्यूयॉर्कमधील इकुता, हिरानो आणि झिमरमन यांनी 1963 साली मानवी ऊतींवर प्रयोग करून दाखवले की असा बदल मृत्यूनंतरही घडतो.

मात्र फसवी खूण नेहमीच निरुपयोगी असते असे नाही. मेंदूतील ऑलिगोडेंड्रोग्लिया नावाच्या आधारपेशी फॉर्मालिनमध्ये उशिरा पडल्या की फुगतात, आणि मधल्या केंद्रकाभोवती पांढरे रिंगण दिसते, अगदी तळलेल्या अंड्यासारखे. ताबडतोब गोठवलेल्या कापांत हे रिंगण नसते, म्हणजे ते बदलाचेच फळ आहे. तरीही या पेशींपासून झालेला अर्बुद ओळखताना तज्ज्ञ याच रिंगणाचा उपयोग करतात. खूण कशामुळे होते हे ठाऊक असेल तर ती खूणही साक्षीदार ठरते.

मुंबईतील मुलांचे मेंदू

आता आपल्या राज्याकडे वळू. 1845 साली स्थापन झालेले मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जे. जे. रुग्णालय येथे डॉ. दाराब दस्तूर यांनी मेंदूच्या विकृतिविज्ञानाचा विभाग नावारूपाला आणला. त्या काळी क्षयाने मेंदूच्या आवरणांना दाह होऊन दगावणाऱ्या मुलांची संख्या मोठी होती. बालरोगतज्ज्ञ डॉ. पु. मो. उदाणी आणि दस्तूर यांच्यापुढे अशीही मुले आली की ज्यांना झटके येत, शुद्ध हरपे, शरीरात क्षय असे. पण मेंदूच्या आवरणांचा दाह त्या मानाने नगण्य किंवा मुळीच नसे. अशा मुलांच्या मेंदूतील बदलांचे वर्णन दोघांनी 1966 साली प्रसिद्ध केले. त्यात मेंदूच्या पांढऱ्या भागाला पसरलेली सूज होती आणि चेतातंतूंभोवतालचे मायलिनचे वेष्टन जागोजागी नष्ट झालेले होते. त्यांनी या स्थितीला क्षयजन्य मेंदूविकार म्हटले आणि शरीराच्या अतिसंवेदनशील प्रतिक्रियेशी तिचा संबंध जोडला.

येथेच आपला प्रश्न उभा राहतो. पांढरा भाग फिकट दिसणे आणि ऊतींत मोकळ्या जागा दिसणे हे मृत्यूनंतरही होते, त्यात मुंबईची हवा उष्ण आणि दमट. मग ही सूज खरी कशावरून मानायची? अशा वेळी विकृतिशास्त्रज्ञ चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न प्रतिक्रियेचा. दाहपेशी जमल्या आहेत का, मोडतोड गिळणाऱ्या पेशी आल्या आहेत का, ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी फुगल्या आहेत का? ही कामे जिवंत ऊतीच करू शकते. दुसरा प्रश्न मांडणीचा. रोग रक्तवाहिन्यांच्या कडेने किंवा ठराविक भागांत वस्ती करतो. स्वविलयन साधारणपणे फॉर्मालिन जिथे उशिरा पोहोचते तिथे अधिक दिसते. तिसरा प्रश्न तुलनेचा. तितक्याच वेळाने तपासलेल्या, दुसऱ्या कारणाने गेलेल्या व्यक्तीच्या मेंदूत हे दिसते का? चौथा प्रश्न रुग्णाच्या इतिहासाचा. मेंदूत जे दिसते ते त्या व्यक्तीच्या लक्षणांशी जुळते का? दस्तूर आणि उदाणी यांनी 1970 साली लक्षणे आणि विकृती यांची सांगड घालणारा आणखी एक लेख लिहिला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शवागार आणि वॉर्ड यांच्यात संवाद असला तरच चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

उत्तर द्यायला वेळ लागतो

प्रतिक्रिया दिसली की आजार खरा. पण प्रतिक्रिया दिसली नाही तर आजार नव्हताच, असे म्हणता येते का? येथे मोठी सावधगिरी हवी.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर पहिले काही तास नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला जवळजवळ काहीच दिसत नाही. साधारण 12 ते 24 तासांत मरणाऱ्या चेतापेशी आक्रसून लालसर रंग घेतात. एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी गोळा होतात. त्यानंतर मोडतोड गिळणाऱ्या पेशी येतात आणि काही आठवडे राहतात. व्रण बांधणाऱ्या आधारपेशींचे काम एक-दोन आठवड्यांनी ठळक होते. हे घड्याळ रुग्ण जिवंत आहे तोवरच चालते. झटका आल्यावर तासाभरात गेलेल्या माणसाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसू शकतो.

याची दुसरी बाजू अधिक चमत्कारिक आहे. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या, मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाचे हृदय चालू असते, पण मेंदूत रक्त पोहोचत नाही. शरीराच्या ऊबेत तो मेंदू पचत राहतो, करडा आणि लिबलिबीत होतो, आणि त्याच्या आत प्रतिक्रियेचा मागमूस नसतो. हृदय धडधडत असताना मेंदूत मरणोत्तर बदल चालू असतात! मेंदूमृत्यूला आपल्याकडे 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मान्यता दिली. त्यामागची जैविक वस्तुस्थिती या मऊ झालेल्या मेंदूत डोळ्यांनी दिसते.

न्यायालयात तर हा फरक कुणाच्या तरी स्वातंत्र्याचा प्रश्न होतो. आगीत सापडलेल्या शवात कवटी आणि तिच्या आतले आवरण यांच्यामध्ये उष्णतेने रक्त साचते. ते चॉकलेटी रंगाचे, मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र असते. ते डोक्यावर मारल्याने झालेल्या रक्तस्रावासारखे भासू शकते. उताण्या ठेवलेल्या शवात रक्त मेंदूच्या मागच्या बाजूला उतरते, त्यालाही कोणी दाह समजेल. युरोपातील पुस्तकांतली वेळापत्रके इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण उष्ण हवेत हे बदल लवकर होतात. 1920 साली प्रथम प्रसिद्ध झालेला डॉ. जयसिंग प्रभुदास मोदी यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ भारतीय परिस्थितीतल्या निरीक्षणांमुळेच इतका उपयुक्त ठरला.

वर्गात करून पाहता येईल असे

स्वविलयन शिकवायला शवागार लागत नाही. वांगी चिरून पाण्यात टाकतात हे प्रत्येक घरात ठाऊक असते. एका वांग्याच्या सारख्या जाडीच्या चार फोडी घ्या. एक उघड्यावर ठेवा, दुसरी लिंबाच्या रसात बुडवून काढा, तिसरी शीतकपाटात ठेवा, चौथी दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात धरून मग उघड्यावर ठेवा. दर दहा मिनिटांनी रंग नोंदवा. फोड काळी पडते ती कोणत्याही जंतूमुळे नव्हे. कापल्याने फुटलेल्या पेशींतील विकर आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे. आम्ल, थंडी आणि उष्णता त्या विकराला वेगवेगळ्या रीतीने आवरतात. आता विद्यार्थ्यांना विचारा : फक्त उघड्यावरची फोड दाखवून कोणी ‘हे वांगे किडके होते’ म्हणाला, तर त्याला कोणता पुरावा मागाल? या प्रश्नाचे नीट उत्तर देणारा विद्यार्थी निस्लच्या अटीपर्यंत आपल्याच बुद्धीने पोहोचलेला असेल.

आजचे काम

1995 साली बंगळूरच्या निमहान्स या संस्थेत मानवी मेंदूंचा संग्रह सुरू झाला. आज अशा संग्रहांत मेंदूबरोबर त्याची दैनंदिनीही जपली जाते. मृत्यू केव्हा झाला, शव थंड जागी केव्हा ठेवले, मेंदू केव्हा काढला, द्रवात किंवा गोठणयंत्रात केव्हा गेला, हे सारे लिहिले जाते. मेंदूची आम्लता मोजली जाते, कारण दीर्घ मरणयातनांत ती वाढते. आरएनएचे रेणू किती तुटले आहेत हेही पाहिले जाते. जनुकांच्या कामाविषयीचा निष्कर्ष या नोंदींवाचून काढला, तर तो बुस्काइनोच्या पुंजक्यांचाच नवा अवतार ठरेल.

आणि या संग्रहांची सर्वांत मोठी निकड वेगळीच आहे. आजारी मेंदू संशोधनासाठी देण्याचा विचार काही कुटुंबे करतात. निरोगी मेंदूचे दान मात्र फार थोड्यांना सुचते, कारण त्यात शोधण्यासारखे काय आहे असे वाटते. हंटरपासून निमहान्सपर्यंतचा इतिहास सांगतो की आजाराची प्रत्येक खूण निरोगी मेंदूच्या शेजारी ठेवल्यावरच खरी ठरली आहे. अंत्यविधीची घाई असलेल्या घरात हे मागणे सोपे नाही. म्हणून ते दुःखाच्या घटकेला प्रथमच कानावर पडू नये. त्याची चर्चा त्याआधी, शांतपणे, शाळेत आणि घरात व्हावी, एवढे आम्हाला शिक्षकांपुढे मांडायचे आहे.